जेरी क्वॉरी, ३ जानेवारी आणि बॉक्सिंगमधल्या सुधारणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी ३ जानेवारीला संध्याकाळी रत्नागिरीत, मांडवीच्या जेट्टीपासून चालत जाता येईल अशा एका घराच्या पडवीत आम्ही पंधरा-वीस जण जमतो. त्यात बोटीवरून निवृत्त झालेले आहेत, माजी सैनिक आहेत, राजिवड्याचे दोन चाचा आहेत, आणि गेली काही वर्षं आमच्या शेडमध्ये बॉक्सिंगचा सराव करणारी मुलं-मुलीही येतात. या तारखेला गेलेल्या जेरी क्वॉरी या हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड वजनगटातल्या, बॉक्सरची आठवण काढायची आणि मग बॉक्सिंग सुधारायचं कसं यावर रात्री उशिरापर्यंत भांडायचं, एवढाच कार्यक्रम. नव्या माणसाला तेच ते प्रश्न पडतात. मी बोटीवर इंजिनखात्यात होतो आणि १९७०च्या दशकापासून हा खेळ बघत आलो आहे, म्हणून उत्तरं लिहायचं काम माझ्याकडे आलं.

जेरी क्वॉरी कोण?

अमेरिकेचा हेवीवेट. जन्म १५ मे १९४५, कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा. घर कष्टकऱ्यांचं. वडिलांनी पोरांच्या हातात लहानपणीच ग्लोव्ह्ज दिले होते. व्यावसायिक कारकिर्दीत ६६ लढती, त्यांत ५३ जिंकल्या, ९ हरला, ४ बरोबरीत सुटल्या. ३२ वेळा समोरच्याला नॉकआउट केलं.

हे आकडे कोणाविरुद्धचे आहेत ते बघा, म्हणजे त्यांचं वजन कळेल. माजी जगज्जेता फ्लॉइड पॅटरसनला त्याने १९६७ मध्ये हरवलं. १९७३च्या फेब्रुवारीत रॉन लाइलला बारा राउंडभर नाचवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अर्नी शेव्हर्सला, ज्याच्या ठोशाला सगळे हेवीवेट घाबरायचे त्या शेव्हर्सला, पहिल्याच राउंडमध्ये आडवा केला. हरला तो जिमी एलिस, जो फ्रेझियर, मोहम्मद अली, केन नॉर्टन अशांकडून. जगज्जेतेपद त्याला मिळालं नाही. त्या दहा वर्षांइतके तगडे हेवीवेट एकाच वेळी पुन्हा कधी जमले नाहीत, आणि क्वॉरी त्यांच्या मधोमध उभा होता.

रत्नागिरीत बसून अमेरिकेच्या या माणसाची आठवण? अली का नाही?

अलीची आठवण काढायला आमची गरज नाही. राजिवड्यात, मिरकरवाड्यात अजूनही अशी घरं सापडतील जिथे भिंतीवर काबा-मदिनेच्या चित्रांच्या जवळ अलीचं कात्रण चिकटवलेलं आहे.

क्वॉरी आमच्याकडे आला तो बोटीवरून. आमच्यातला एक ज्येष्ठ खलाशी, आता हयात नाही, परदेशी बंदरांतून बॉक्सिंगची मासिकं जमवून ट्रंकेत भरून आणायचा. १९६९ची फ्रेझियर-क्वॉरी लढत ‘द रिंग’ मासिकाने वर्षातली सर्वोत्तम ठरवली होती. तिची छायाचित्रं त्याने आम्हाला इतक्यांदा दाखवली की ती लढत आम्ही पाहिलीच आहे असं वाटायला लागलं. क्वॉरी खरं तर काउंटर पंच मारणारा. समोरच्याने हात टाकावा आणि याने त्या फटीतून डावा हुक घालावा, अशी त्याची खेळी. त्या रात्री मात्र त्याने ती बाजूला ठेवली आणि फ्रेझियरसमोर पाय रोवून ठोशाला ठोसा देत राहिला. डोळ्याखाली एवढी सूज आणि जखम झाली की सातव्या राउंडनंतर डॉक्टरांनी लढत थांबवली.

आमचा खलाशी म्हणायचा, “यो माणूस मागे फिरणारा नाय.” तेव्हा ते आम्हाला कौतुक वाटायचं. पुढे क्वॉरीचं काय झालं ते कळल्यावर त्याच वाक्याने आम्हाला जमायला लावलं.

आजच्या हिशेबाने तो हेवीवेट होता का?

नाही. हा प्रश्न आमच्या पोरांनीच काढला आणि चांगला काढला. त्याच्या काळात १७५ पौंडांच्या, म्हणजे साधारण ७९ किलोंच्या वर सगळे हेवीवेटच. क्वॉरीचं वजन लढतीच्या दिवशी ८८ किलोंच्या आसपास असायचं. आज हेवीवेट २०० पौंडांच्या, म्हणजे ९०.७ किलोंच्या वर सुरू होतो, त्यामुळे तो आज त्याच्या खालच्या क्रूझरवेट गटात खेळला असता. तो गट वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल या जगज्जेतेपदाचे किताब देणाऱ्या संस्थेने १९७९ मध्ये सुरू केला. क्वॉरीची उमेदीची वर्षं तोवर संपली होती. जॉर्ज फोरमनसारख्या धिप्पाड जगज्जेत्याच्या काळात हा माणूस ८८ किलोंवर उभा होता, एवढं लक्षात ठेवा.

त्याला ‘गोरी आशा’ म्हणायचे म्हणजे काय?

बॉक्सिंगच्या बाजाराचा हा जुना रोग. जगज्जेते काळे आहेत तर त्यांना हरवणारा कोणी गोरा पाहिजे, म्हणजे तिकिटं खपतील. क्वॉरीच्या पाठीवर ते ओझं व्यवस्थित बांधलं गेलं. २७ जून १९७२ला लास व्हेगासमध्ये एकाच रात्री अली विरुद्ध जेरी आणि बॉब फॉस्टर विरुद्ध जेरीचा धाकटा भाऊ माइक अशा लढती लावल्या आणि ‘सोल ब्रदर्स विरुद्ध क्वॉरी ब्रदर्स’ अशी जाहिरात केली. दोघेही भाऊ हरले. माइक चौथ्या राउंडमध्ये असा पडला की कितीतरी वेळ उठला नाही. जेरीने ते पाहिलं आणि त्यानंतर स्वतः रिंगमध्ये उतरला. मला ती रात्र आठवली की कातडीच्या रंगाची चर्चा बाजूला राहते. एक थोरला भाऊ धाकट्याला पडलेला बघून कामावर जातोय, एवढंच डोळ्यांसमोर येतं.

शेवटी त्याचं नेमकं काय झालं?

हे उत्तर मोठं आहे आणि तसंच असू दे.

१९८३ साली एका अमेरिकी क्रीडा साप्ताहिकाने काही बॉक्सरांच्या मेंदूची तपासणी करवून घेतली. त्यात क्वॉरी होता, वय ३७. बोलताचालताना धडधाकट दिसत होता, पण तपासणीत मेंदू बिघडत चालल्याच्या खुणा दिसल्या. ही गोष्ट छापून आली, सगळ्यांनी वाचली. त्याच वर्षी क्वॉरी पुन्हा रिंगमध्ये उतरला आणि दोन लढती खेळला.

पुढे नऊ वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९९२ला, वयाच्या ४७व्या वर्षी तो कोलोरॅडोमध्ये सहा राउंडची लढत खेळला. का कोलोरॅडो? तिथे त्या वेळी राज्याचा बॉक्सिंग आयोगच नव्हता. परवाना विचारणारं कोणी नाही, तपासणीचे कागद बघणारं कोणी नाही. क्वॉरीने सहाही राउंड मार खाल्ला आणि लढत गुणांवर हरला. मानधन १,०५० डॉलर. ज्याने अलीशी दोनदा आणि फ्रेझियरशी दोनदा झुंज घेतली त्याला एक हजार पन्नास डॉलर.

त्यानंतर घसरण झपाट्याने झाली. पन्नाशीत त्याला दाढी, आंघोळ, पायमोजे घालणं यासाठी माणूस लागत होता. थोरला भाऊ जेम्स त्याच्या ताटातल्या मांसाचे बारीक तुकडे करून द्यायचा. ३ जानेवारी १९९९ला तो गेला, वय ५३. माइकही त्याच आजाराच्या वाटेने २००६ मध्ये गेला, ५५ वर्षांचा होऊन. एका आईची दोन मुलं.

हा आजार कोणता? नुसता म्हातारपणचा विसरभोळेपणा नव्हे का?

नव्हे. अमेरिकेतले डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच बॉक्सरांच्या या अवस्थेचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात केलं होतं: पाय ओढत चालणं, जड जीभ, हात थरथरणं, स्वभाव बदलणं. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये १५ निवृत्त बॉक्सरांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले आणि त्यांत ठरावीक पद्धतीची झीज दिसली. आज याला सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी) म्हणतात. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या माराने होतो, दरवेळी शुद्ध हरपायलाच हवी असं नाही. म्हणून “मी कधी नॉकआउट झालो नाही, मला काही होणार नाही” हे म्हणणं धोक्याचं आहे. जो नॉकआउट होत नाही तो जास्त राउंड उभा राहतो आणि जास्त मार खातो. सरावातल्या स्पॅरिंगचे, म्हणजे जोडीदाराशी केलेल्या सरावाच्या लढतींचे, ठोसेही मोजात धरा, मेंदू धरतोच.

अलीला पार्किन्सन्स असल्याचं निदान १९८४ मध्ये झालं. त्यात ठोशांचा वाटा किती यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, म्हणून मी दोघांना एका पारड्यात टाकत नाही.

तो सज्ञान होता, पैसे घेऊन स्वतः गेला. त्याला अडवणारे आपण कोण?

दर वर्षी हा प्रश्न कोणीतरी विचारतोच, आणि विचारणारा बहुधा पहिल्यांदा आलेला तरुण असतो.

त्याला मी बंदराकडे बोट दाखवतो. वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की होडी सोडायची नाही. तांडेल कितीही जुना असो, त्याच्या आजाने कितीही वादळं पाहिलेली असोत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद म्हणजे बंद. तांडेल भित्रा आहे म्हणून हा नियम केलेला नाही. तांडेलावर कर्ज असतं, बर्फाचं बिल असतं, खलाशांचा आगाऊ दिलेला पैसा असतो, आणि अशा माणसाला किनाऱ्यावरून समुद्र नेहमीच थोडा शांत दिसतो. म्हणून ‘जाऊ नको’ हे सांगणारा त्या होडीच्या हिशेबात नसलेला माणूस लागतो.

क्वॉरीचा तर निर्णय करणारा अवयवच जखमी होता. पाय मोडलेला माणूस आपला पाय मोडलाय हे ओळखू शकतो. मेंदूला मार बसलेल्याला ते ओळखायचं साधनच उरलेलं नसतं. त्याच्या इच्छेचा मान ठेवा, मी ठेवतो. पण परवाना त्याच्या इच्छेवर देऊ नका.

मग आयोग असला की सगळं ठीक?

इथेच आमच्यात खरं भांडण लागतं. आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट ही की दोन्ही बाजूंचा पुरावा क्वॉरीच्याच आयुष्यात आहे.

१९६७च्या एप्रिलमध्ये अलीने लष्करात भरती व्हायला नकार दिला. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या आयोगाने त्याचा परवाना काढून घेतला. तेव्हा त्याच्यावर खटलाही उभा राहिला नव्हता. बाकीची राज्यं मागोमाग गेली. साडेतीन वर्षं, वयाची सगळ्यात चांगली वर्षं, अली रिंगबाहेर राहिला. न्यूयॉर्क आयोगाने मोठमोठ्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना परवाने दिले होते हे १९७० मध्ये न्यायालयात उघड झालं. म्हणजे आयोग होता, अधिकार होता, आणि तो शरीराशी काडीचाही संबंध नसलेल्या कारणासाठी वापरला गेला.

अली परत आला तो २६ ऑक्टोबर १९७०ला, जॉर्जिया राज्यातल्या अ‍ॅटलांटा शहरात. का तिथे? जॉर्जियात राज्याचा बॉक्सिंग आयोग नव्हता, त्यामुळे शहराला परवाना देता आला. समोर कोण होता? जेरी क्वॉरी. तिसऱ्या राउंडमध्ये भुवई फाटली, त्याच्याच प्रशिक्षकाने लढत सोडली, तो विरोध करत राहिला.

बघा आता. आयोग नव्हता म्हणून १९७० मध्ये एका अन्याय झालेल्या माणसाला न्याय मिळाला. आयोग नव्हता म्हणून १९९२ मध्ये एका आजारी माणसाला मार खायला उभं करता आलं. दोन्ही रिंगमध्ये क्वॉरी होता.

आमचे चाचा म्हणतात, सरकारच्या हातात परवाना दिलात की पुढचा अली पुन्हा अडकणार. माजी सैनिक म्हणतात, शिस्तीला वरून कोणी नसेल तर दुकानदारी होते. माझं मत गेल्या दहा वर्षांत पक्कं झालं आहे: आयोग हवाच, पण थांबवण्याचं कारण फक्त वैद्यकीय असावं, ते लेखी असावं, आणि एका ठिकाणी थांबवलेला माणूस दुसऱ्या ठिकाणीही थांबलेलाच राहावा. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यांत मोठा. अली स्वतः त्या फटीतून गेलाच ना! १९८० मध्ये लॅरी होम्सने दहा राउंड त्याला नुसता बडवला. त्यानंतर डिसेंबर १९८१ मध्ये ट्रेव्हर बर्बिकशी शेवटची लढत झाली ती बहामात, कारण अमेरिकेत त्याला उभं करायला कोणी तयार नव्हतं. तिथे धड घंटाही नव्हती, गुराच्या गळ्यातली घंटा वाजवून राउंड सुरू केले.

अमेरिकेने यातून काही कायदा केला का?

केला. १९९६चा व्यावसायिक बॉक्सिंग सुरक्षा कायदा १ जुलै १९९७पासून लागू झाला. राज्य आयोगाच्या देखरेखीशिवाय लढत नाही, लढतीआधी वैद्यकीय तपासणी, रिंगपाशी डॉक्टर, जागेवर रुग्णवाहिका किंवा प्रशिक्षित मदतनीस, बॉक्सरचा आरोग्य विमा, ओळखपत्र, आणि एका राज्याने वैद्यकीय कारणाने थांबवलं तर ते दुसऱ्यानेही पाळायचं. या कलमांकडे बघितलं की प्रत्येकात कोलोरॅडोची ती रात्र दिसते.

२००० मध्ये अलीच्या नावाचा कायदा आला, तो पैशांबद्दल. प्रवर्तकाने म्हणजे लढत भरवणाऱ्याने बॉक्सरला कमाईचे आकडे दाखवायचे, जबरदस्तीच्या करारांना मुदतीची मर्यादा, मॅनेजर आणि प्रवर्तक यांचे हितसंबंध वेगळे ठेवायचे, क्रमवारीचे निकष जाहीर करायचे. २०२५ मध्ये त्यात बदल सुचवणारं विधेयक अमेरिकी संसदेत मांडलं गेलं. एकाच संस्थेला क्रमवारी, किताब आणि लढती सगळं करता यावं असा त्याचा रोख आहे. त्यात वैद्यकीय सोयी वाढवायच्या तरतुदीही आहेत, हे मान्य. पण लढत भरवणारा आणि क्रमवारी ठरवणारा एकच असेल तर बॉक्सरने दाद मागायची कोणाकडे? मी याच्या विरोधात आहे.

कायदा झाल्यावर अपघात थांबले?

थांबले नाहीत. २ नोव्हेंबर २०१३ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बॉक्सिंगच्या पंढरीतच म्हणा, रशियाचा हेवीवेट मागोमेद अब्दुसलामोव दहा राउंड लढून हरला. डोकं दुखतंय म्हणाला. त्याला रुग्णवाहिकेतून पाठवलं गेलं नाही, तो टॅक्सीने रुग्णालयात गेला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण शरीर लुळं पडलं, वाचाही जवळजवळ गेली. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्याच्या कुटुंबाला २ कोटी २० लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्याआधी २०१६ मध्ये राज्याने मेंदूच्या प्राणघातक इजेसाठी दहा लाख डॉलरचा विमा सक्तीचा केला.

कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या बारीक शिरा झटक्याने तुटतात आणि रक्त साचत जातं. माणूस अर्धा तास, तासभर बोलत असतो, चालत असतो, मग कोसळतो. तो तासच हातात असतो. हे वाचताना रत्नागिरीचा विचार करा. मेंदूची शस्त्रक्रिया तातडीने करायची वेळ आली आणि इथे सोय झाली नाही, तर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, १३० किलोमीटर. म्हणून आम्ही म्हणतो, रुग्णवाहिका दाराशी उभी नसेल तर पहिली घंटाच वाजवू नका.

राउंड कमी केले ना? पंधराचे बारा झाले.

झाले. १३ नोव्हेंबर १९८२ला रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडमध्ये पडला आणि काही दिवसांनी गेला. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने लगेच बारा राउंड केले, बाकीच्या संस्था पुढच्या काही वर्षांत आल्या. चांगलं झालं. पण क्वॉरीची शेवटची लढत सहाच राउंडची होती. राउंड मोजण्यापेक्षा कोण उभा आहे ते बघणं महत्त्वाचं.

हेडगार्ड घातला की डोकं सुरक्षित, बरोबर?

चूक, आणि पालकांचा हा सगळ्यात मोठा गैरसमज. हेडगार्डने भुवया फाटणं कमी होतं. मेंदूला बसणारा हिसका तो अडवू शकत नाही. डोकं गरकन फिरतं तेव्हा आतला मेंदू मागे राहतो, आणि बाहेरून उशी लावली तरी ते फिरणं तसंच राहतं. २०१३ पासून पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय हौशी स्पर्धांत तो काढण्यात आला आणि रिओ व पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुष त्याविना लढले. मुलांना सरावात घाला, जरूर घाला, पण तो घातलाय म्हणून जोरात मारू देऊ नका.

एवढं सगळं कळूनही बंदीच का मागत नाही?

मागणारे आहेत. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन १९८०च्या दशकापासून बंदी मागत आली आहे. स्वीडनने १९७० मध्ये व्यावसायिक बॉक्सिंग बंद केलं आणि २००६ मध्ये अटी घालून परत चालू केलं. नॉर्वेनेही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला घातलेली बंदी २०१४ मध्ये उठवली.

आमच्यातली एक शाळेतली बाई ठामपणे बंदीच्या बाजूची आहे. तिच्या तोंडावर उत्तर देणं मला सोपं जात नाही, कारण तिने शिकवलेला एक मुलगा आमच्या शेडमध्ये येतो आणि ती त्याला बघायलाच येते. माझं म्हणणं एवढंच की बंदी घातली की लढती संपत नाहीत, आयोग नसलेल्या जागी जातात. २०२२च्या जुलैमध्ये बंगळुरूत एका किकबॉक्सिंग स्पर्धेत एक तरुण डोक्याला मार बसून गेला. जागेवर पुरेशी वैद्यकीय सोय नव्हती अशी घरच्यांची तक्रार होती. तिथे बंदी नव्हती, तरी हे झालं. बंदी असती तर तक्रार करायलाही जागा उरली नसती. बाईंना हे पटलेलं नाही.

भारतात हेवीवेटची काही परंपरा आहे का?

आहे, आणि ती सैन्यातून आली. हवा सिंग यांनी १९६६ आणि १९७० अशा लागोपाठ दोन आशियाई खेळांत हेवीवेटचं सुवर्ण घेतलं. कौर सिंग यांनी १९८२च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत सुवर्ण मिळवलं, आणि १९८०च्या जानेवारीत दिल्लीत अलीसमोर चार राउंडची प्रदर्शनी लढतही ते खेळले. आमचे माजी सैनिक ही गोष्ट सांगताना उठून उभे राहतात. त्याच कौर सिंगांना उतारवयात हृदयाच्या उपचारांसाठी कर्ज काढावं लागल्याच्या बातम्या आल्या. २०२३च्या एप्रिलमध्ये ते गेले.

म्हणून आमच्या चर्चेत पेन्शनचा मुद्दा दरवर्षी येतो. कॅलिफोर्नियात १९८२ पासून निवृत्त बॉक्सरांसाठी पेन्शन योजना आहे आणि तिचा पैसा तिकिटांवरच्या छोट्याशा अधिभारातून येतो. प्रेक्षकाच्या खिशातून काही सेंट. आपल्याकडे व्यावसायिक बॉक्सिंगसाठी अमेरिकेसारखा वेगळा केंद्रीय कायदा नाही. कबड्डीच्या स्पर्धेला आमच्याकडे हजारोंची गर्दी होते, मैदानावर डबा फिरवला तरी जखमी खेळाडूसाठी पैसे जमतात, हे मी पाहिलं आहे. तेच नियमात बसवा म्हणतो.

लढत सोडायला प्रशिक्षकाने टॉवेल टाकला तर पोराचं मन खचत नाही का?

१ ऑक्टोबर १९७५, मनिला. अली-फ्रेझियर तिसरी लढत. चौदा राउंड झाले होते, फ्रेझियरचे डोळे जवळजवळ बंद. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी पंधराव्याला त्याला उठू दिलं नाही. फ्रेझियर ओरडत राहिला. एक राउंड राहिला होता आणि समोर अलीही संपलेला होता. फच यांनी आधीच्या काळात रिंगमधली मरणं पाहिली होती, त्यांनी हात धरला. माझ्या मते बॉक्सिंगमधलं सगळ्यांत धाडसाचं काम त्या स्टुलापाशी झालं.

आणि उलट बाजू: १७ जून १९७४, फ्रेझियर विरुद्ध क्वॉरी, दुसरी लढत. रेफरी कोण, तर साक्षात जुना जगज्जेता जो लुईस. क्वॉरी रक्तबंबाळ झाला तरी लढत चालू राहिली आणि पाचव्या राउंडमध्ये थांबली. फार उशिरा थांबवली अशी टीका झाली. लुईस महान योद्धा होता, पण कधी थांबायचं हे ज्ञान वेगळं असतं. म्हणून आमच्याकडे जुन्या विजेत्यालाच पंच करा असा आग्रह कोणी धरला तर मी विरोध करतो.

माझी मुलगी बॉक्सिंग शिकायचं म्हणते. पाठवू का?

पाठवा, पण आधी स्वतः जाऊन एक संध्याकाळ बसा. स्पॅरिंग आठवड्यातून किती वेळा होतं ते विचारा. डोक्याला मार बसलेल्या मुलाला किती दिवस घरी बसवतात ते विचारा. उत्तर “बघू, कसं वाटतंय त्यावर” असं आलं तर परत या.

हे मी स्वतःच्या अनुभवाचं सांगतोय. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आमच्या शेडमधला सोळा वर्षांचा मुलगा पडला, उठला, पंचांनी मोजलं, लढत पूर्ण झाली. रात्री त्याला ओकारी झाली. मी त्याला दुसऱ्या दिवशी खेळवू नका म्हणालो, तर आयोजकांपैकी एकाने त्याला आणि त्याच्या वडिलांना गाठून सांगितलं की काही होत नाही, नाव लागेल. वडील मच्छीमार, साधे. मुलगा खेळला. मी त्याला उचलून घेऊन का गेलो नाही, हे मला अजून सुटत नाही. मुलगा सुखरूप आहे, पण सहा महिने त्याला उन्हात उभं राहता येत नव्हतं.

म्हणून ही लक्षणं पाठ करा: वाढत जाणारी डोकेदुखी, ओकारी, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, जीभ जड होणं, झोपेची गुंगी, झटका, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं. यातलं एकही दिसलं तर रुग्णालय. घरी झोपवून “सकाळी बघू” नाही. रक्त पातळ करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून देऊ नका. आणि शुद्ध गेली असेल तर डॉक्टरांनी लेखी परवानगी देईपर्यंत, पण कमीत कमी महिनाभर, ग्लोव्ह्ज खुंटीला.

डोक्याला बसलेल्या माराची नोंद ठेवायला तुम्ही वही सांगता म्हणे, ती कुठे मिळते?

कुठल्याही दुकानात. शंभर पानी, पुठ्ठ्याची. त्या मुलानंतर आम्ही सुरू केली. प्रत्येक मुलाची वेगळी वही, आणि रकाने पाच: तारीख, सराव की सामना, डोक्याला जोराचा ठोसा बसला का, नंतर काय वाटलं, पुन्हा कधी उतरायचं. चौथा रकाना मुलाने नव्हे, घरच्यांनी भरायचा. तालुका बदलला, प्रशिक्षक बदलला तरी वही मुलाबरोबर जाते, आणि वही नसेल तर आमच्या शेडमध्ये स्पॅरिंग नाही.

पहिल्या पानावर दोन नावं लिहितो, घरातलं एक आणि शेडमधलं एक. या दोघांपैकी कोणीही “बस” म्हणालं की मुलगा खाली उतरतो, कारण विचारायचं नाही. ३ जानेवारीला येताना वह्या बरोबर आणा. डॉक्टर येतात, बसून सगळ्या चाळतात, आणि गेल्या वर्षी त्यांनी दोघांना तिथल्या तिथे मार्चपर्यंत थांबवलं. एक जण रडला. त्याच्या वहीत त्या तारखेखाली त्याच्या आईची सही आहे.